डुमसची काळी वाळू

समुद्र पाहावयाचा म्हटले की वऱ्हाडातील मनुष्य मुंबईचे तिकीट काढतो. फार झाले तर कोकणात उतरतो. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये नववीच्या भूगोलाच्या अभ्याससहलीसाठी मी सुरतेचे नाव सुचविले, तेव्हा पालकांच्या सभेत काही वेळ शांतता पसरली. "सर, सुरतेस लोक कापड घ्यावयास जातात," असे एका सद्‌गृहस्थांनी अत्यंत सौम्य शब्दांत मला सुचविले. मुंबईस गेल्याने मुलांस राणीचा बाग, गेटवे आणि आगबोटी इतके सारे एका खेपेत पाहावयास मिळेल, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब म्हणून तो चूक नव्हता. परंतु मला मुलांस समुद्र दाखवावयाचा नव्हता. आपले पाणी ज्या समुद्रास मिळते तो समुद्र दाखवावयाचा होता.

आमचे हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात वसलेले आहे. उत्तरेस गाविलगडच्या डोंगररांगा आणि दक्षिणेस पूर्णेचे सपाट मैदान. गावातील पत्र्यांवर, अंगणांत आणि वावरांत जो पाऊस पडतो, तो ओढ्यानाल्यांनी दक्षिणेकडे वाहत जाऊन अखेर पूर्णेस मिळतो. पूर्णा पश्चिमेकडे वळून जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते, आणि तापी सुरतेच्या खाली खंबायतच्या आखातात शिरते. ह्या दोन्ही नद्या बैतुल जिल्ह्यातल्याच. एका माहेरच्या बहिणी दोन वाटांनी निघून पुन्हा भेटाव्यात तसा हा प्रकार आहे. तापीची लांबी ७२४ किलोमीटर आणि तिच्या पाणलोटाचे क्षेत्र सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर असून त्याचे पाचांतील जवळजवळ चार हिस्से महाराष्ट्रात आहेत. नदी गुजरातेत संपते, परंतु तिचे बहुतेक अंगण आपले आहे.

हे सारे मुलांस पाठ होते. "तापी ही पश्चिमवाहिनी नदी आहे" हे वाक्य त्यांनी परीक्षेत अनेकदा लिहिले होते व त्याबद्दल गुणही मिळविले होते. तथापि शाळेच्या छपरावरून पन्हाळीने पडणारे पाणी कोठे जाते, असे मी एकदा विचारले तेव्हा "नालीत" ह्यापलीकडे कोणी गेले नाही. पुस्तकातील नदी आणि दारातील नाली ह्या दोहोंचा संबंध मुलांच्या मनात जुळलेला नसतो, आणि तो खडूने जुळत नाही, असे माझे वीस वर्षांचे निरीक्षण आहे.

संमती मिळविणे सोपे गेले नाही. डिसेंबर महिना म्हणजे कापसाच्या वेचणीचे दिवस. घरातील एक मुलगी तीन दिवस गेली म्हणजे दोन हात कमी झाले, आणि मजुरी तर आधीच परवडत नाही. मुलींस रात्रीच्या गाडीने पाठविण्याविषयीही काही घरांत कुरकुर झाली. आमच्या एका शिक्षिकाबाई बरोबर येणार म्हटल्यावर ती मिटली. एका विद्यार्थिनीची आई स्वतः शाळेत आली. तिने कागदावर सही केली आणि जाताना हसत हसत मुलीस म्हणाली, "दरसाल आपल्या वावरातली माती पान्यासंगं जाते. तिकडं दिसली तं इचारून ये तिले." मी त्या बाईचे ते वाक्य वहीत लिहून ठेवले. सहलीचा उद्देश म्हणून वरिष्ठांकडे जो अर्ज मी पाठविला होता, त्यातील चार परिच्छेदांपेक्षा ते अधिक नेमके होते.

चौतीस मुले-मुली व आम्ही तिघे शिक्षक अकोटावरून अकोल्यास आलो आणि तेथून रात्रीच्या गाडीने भुसावळ, नंदुरबार ह्या मार्गे निघालो. नवापूरच्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत आहे, हे ऐकून ते पाहण्यासाठी मुले जागत बसली होती. नवापूर आले तेव्हा सर्व गाढ झोपेत होती. सामानात आम्ही मोठी उपकरणे नेली नव्हती. घरातील गव्हाची, रव्याची व मैद्याची अशा तीन चाळण्या, दीड मीटर उंचीच्या दोन काठ्या, एक सुतळी, काचेच्या बरण्या, आणि जुन्या ध्वनिवर्धकांतून काढलेली पाच-सहा लोहचुंबके, एवढाच आमचा सरंजाम होता.

डुमस सुरत शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर आहे. मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस, सकाळी नऊच्या सुमारास आम्ही तेथे पोहोचलो. ओहोटी लागलेली होती. मुलांनी धावत जाऊन जे पाहिले, त्याने त्यांची घोर निराशा झाली हे मी लपवीत नाही. पाणी फार दूर गेलेले, मध्ये चिखलाचे करडे मैदान, आणि पलीकडे जे पाणी दिसत होते ते निळे नव्हे, तर गढूळ, तांबूस. "सर, हा तर पूर आलेल्या पूर्णेसारखा दिसतो," असे एक मुलगा म्हणाला. त्याने उपहासाने म्हटले असावे. परंतु आम्ही जे शोधावयास आलो होतो त्याकडे सर्वांत आधी त्याचेच बोट गेले.

किनाऱ्याचा वरचा भाग मात्र काळा होता. ओली वाळू तर काजळीसारखी दिसे. आता ह्या काळेपणाविषयी मुलांनी पूर्वतयारी करून ठेवलेली होती, आणि ती पुस्तकांतून नव्हे. डुमस हे भुताखेतांचे ठिकाण असून येथे पूर्वी प्रेते जाळीत असत व त्या राखेमुळे वाळू काळी झाली, ही कथा त्यांनी भ्रमणध्वनीवर वाचलेली व पाहिलेली होती. दोन मुलींनी तर वाळूस हात लावण्याचेच नाकारले. मी त्यांस काही उपदेश केला नाही. लोहचुंबक एका पातळ कागदात गुंडाळून तो कोरड्या वाळूतून फिरवा, एवढेच सांगितले. क्षणभरात कागदाच्या बाहेरून बारीक काळ्या कणांच्या मिशा फुटल्या. कागद सोडला की कण गळून पडत. पुन्हा धरला की पुन्हा चिकटत. मग चुलीतली राख चुंबकास चिकटते काय, असा प्रश्न मुलांमधूनच निघाला, आणि भजी तळणाऱ्या एका दुकानदाराकडून मूठभर राख मागून आणून त्यांनी तेही करून पाहिले. राख चिकटली नाही. त्या दोन मुलींपैकी एकीने नंतर एकटीने एक डबी भरून कण गोळा केले.

हे कण म्हणजे लोहाचे एक खनिज, मॅग्नेटाइट. त्याच्याबरोबर इल्मेनाइट नावाचे लोह व टिटॅनियम ह्यांचे खनिजही असते. ते हातातल्या चुंबकास फारसे जुमानीत नाही, म्हणून चुंबक फिरविल्यावरही वाळू काळीच राहते. दोन्ही येतात ती दख्खनच्या काळ्या पाषाणातून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून जो खडक झाला, त्याचाच आपला गाविलगड बनलेला आहे, आणि त्याच्याच झिजेतून आपली कपाशीची काळी जमीनही झाली. परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शेताची माती काळी व किनाऱ्याची वाळूही काळी, म्हणून हीच ती माती असे म्हणणे बरोबर नाही. मातीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते पाण्यात तरंगत राहतात आणि शांत जागी जाऊन बसतात. ते खालच्या चिखलात होते. वाळूतील काळे कण मात्र त्यांच्या मानाने मोठे व वजनाने भारी. लाट येते तेव्हा सर्वच कण उचलते, आणि परतताना हलके कण बरोबर नेते. जड कण मागे राहतात. आपल्या आया सुपात धान्य पाखडतात तीच ही क्रिया. फरक इतकाच की येथे सूप थांबत नाही. हे सांगितल्यावर मुलींनी मुलांपेक्षा लवकर मान डोलावली, ह्याचे कारण उघड आहे.

चाळण्यांचे काम पुढे तासभर चालले. वरच्या भागातील वाळू रव्याच्या चाळणीत अडकली, जरा खालची मैद्याच्या चाळणीतून गेली, आणि त्याखालच्या चिखलास चाळणीची गरजच नव्हती. दोन काठ्या उभ्या करून एकीच्या टोकावरून क्षितिजाकडे पाहावयाचे आणि दुसरीवर ती रेषा कोठे येते ते मोजावयाचे, ह्या रीतीने किनाऱ्याचा उतार काढला. वरती उतार चांगला जाणवे, खाली तो जवळजवळ नाहीसाच होई. चिखलाच्या कडेस मी सुतळी बांधून ठेवली होती व तिच्यापुढे जाण्यास सक्त मनाई केली होती, कारण ह्या आखातातील चिखल पायास धरून ठेवतो आणि भरती सपाट जागेवरून मनुष्याच्या चालीपेक्षा वेगाने येऊ शकते. सुतळीच्या अलीकडे बसून मुलांनी चिखलावर उड्या मारणारे मासे पाहिले. कोकणात त्यांस निवट्या म्हणतात. मासा पाण्याबाहेर कसा राहतो, ह्यावर जी प्रश्नांची सरबत्ती झाली ती आवरता आवरता मला आमच्या जीवशास्त्राच्या शिक्षिकाबाईंचा आश्रय घ्यावा लागला.

समुद्राचे पाणी चाखणे हा तर ठरलेलाच कार्यक्रम. बहुतेकांनी तोंडे वाकडी करून थुंकले. एक मुलगा मात्र घुटका तोंडात धरून विचार करीत उभा राहिला. तो दक्षिणेकडील, खारपाणपट्ट्यातील एका गावचा. ज्या वाचकांस हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठी सांगतो की पूर्णेच्या गाळाच्या मैदानात अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावे अशी आहेत जेथे विहिरीस भरपूर पाणी लागते, परंतु ते पिण्याजोगे नसते व पिकासही मानवत नाही. तो मुलगा म्हणाला, "सर, आमच्या इहिरीचं पानी याच्यापेक्षा बरं हाये; पन आमी ते रोज पेतो." कोणी हसले नाही. पूर्वी तेथे समुद्र होता म्हणून पाणी खारे, असे त्याचे आजोबा सांगत. ते खरे काय, असे त्याने मला विचारले. मी त्यास इतकेच सांगितले की ते क्षार गाळाच्या थरांत साठून राहिलेले आहेत, जमिनीचा उतार फार थोडा असल्यामुळे ते धुऊन जात नाहीत, आणि ते मुळात कसे आले ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. त्याने स्वतःच्या बरणीत समुद्राचे पाणी भरून घेतले. सर्वसाधारण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घरी जाऊन ह्या पाण्याचे व विहिरीच्या पाण्याचे मीठ दोन ताटल्यांत आटवून तोलावयाचे असे त्याने ठरविले, आणि पुढे तसे केलेही.

दुपारी भरती पाहिली. कोकणातील कोळी लोकांचा एक हिशोब आहे, तो मी मुलांस आधीच शिकविला होता. तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्यातून हा हिशोब निघाला आहे. द्वितीया म्हणून मुलांनी दीड वाजता पूर्ण भरती धरून वाळूत काठ्या रोवल्या. दीड वाजला, दोन वाजले, अडीच वाजले. पाणी चढतच होते, आणि एकामागून एक काठी बुडत होती. आपला हिशोब खोटा ठरला म्हणून मुले हिरमुसली. पण हिशोब खोटा नव्हे, तो दुसऱ्या किनाऱ्याचा होता. भरतीची लाट मुंबईवरून पुढे येऊन ह्या आखातात शिरते, त्यास वेळ लागतो. आणि आखात पुढे निमुळते व उथळ होत जात असल्यामुळे पाणी चेंगरून उंच चढते. मुंबईस मोठ्या भरतीत पाण्याचा चढउतार चार-पाच मीटर होतो. तोच भावनगरजवळ दहा मीटरांहून अधिक होतो, आणि हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या भरत्या ह्याच आखातात येतात. सकाळचे करडे मैदान आता कोठेही नव्हते. ज्या जागी निवट्या उड्या मारीत होत्या तेथे पुरुषभर पाणी होते. इतका वेळ खिशातील यंत्रे काढून छायाचित्रे घेणारी मुले त्या वेळी नुसती उभी राहिली.

ज्याच्याकडून राख आणली होती त्या दुकानदाराकडेच आम्ही टोमॅटोची भजी खाल्ली; डुमस त्याकरिता प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी भुतांच्या प्रसिद्धीपेक्षा अधिक सार्थ आहे. कोठून आलात, असे त्याने हिंदीत विचारले. मुलांनी अकोला सांगितले. ते त्यास नीटसे कळले नाही. मग एका मुलीने सांगितले की आमच्याकडचे पाणी तापीत येते. त्यावर तो वृद्ध मनुष्य कढईतला झारा तसाच धरून म्हणाला, "मग २००६ साली तुम्हीच आला होता आमच्या घरात."

त्या साली ऑगस्टमध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. उकाई धरण भरत आले आणि दर सेकंदास नऊ लाख घनफुटांच्या आसपास पाणी सोडावे लागले. सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. कित्येक माणसे गेली. तो मनुष्य तेव्हा शहरात नातलगांकडे राहत असे, आणि माळ्यावर बसून त्याने दिवस काढले होते. त्याच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता. तथापि मुले ओशाळली. ज्या वर्षी आपल्याकडे नाले तुडुंब भरतात आणि आपण "औंदा पाऊस चांगला झाला" असे म्हणतो, त्या पावसाचे दुसऱ्या टोकास काय होते हे त्यांच्या कधी मनातच आलेले नव्हते. माझ्या मते त्या दिवसातील सर्वांत मोलाचा धडा त्या कढईपाशी झाला, आणि तो मी शिकविलेला नव्हता.

परतीच्या गाडीत त्या आईच्या निरोपाचा प्रश्न निघाला. मातीचा पत्ता लागला काय? बरणीतील गढूळ पाणी स्थिर झाल्यावर तळाशी बोटाच्या पेराएवढा मऊ चिखल बसलेला होता. हीच ती माती, असे काही जणांनी घाईने ठरविले. तेव्हा मी नकाशा पुढे ठेवला. पूर्णेच्या संगमाखाली तापीवर हतनूरचे धरण आहे, आणि त्याच्याही खाली १९७२ साली पूर्ण झालेले उकाईचे विशाल धरण. वाहते पाणी जलाशयात शिरले की मंदावते आणि बरोबरचा गाळ तेथेच टाकते. त्यामुळे उकाईनंतर तापीने समुद्रास पोहोचविलेला गाळ फार कमी झाला, आणि जलाशयाचा तळ मात्र भरत चालला. पूर्वी असे नव्हते. सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे मोठे बंदर होते, परंतु मोठी गलबते नदीच्या उथळ मुखातून आत येऊ शकत नसत. ती बाहेर सुवाळीस नांगर टाकीत आणि माल तेथून शहरास जाई. इंग्लंडचा वकील सर थॉमस रो १६१५ साली तेथेच उतरला. त्या गाळात वऱ्हाडचाही वाटा होता.

ज्या मुलीच्या आईने निरोप दिला होता ती बराच वेळ नकाशाकडे पाहत होती. मग तिने विचारले, "म्हणजे सर, आमच्या आजोबाच्या आजोबाची माती समुद्रात गेली, आणि बाबाची उकाईत?" मी "होय" म्हटले. ह्याहून अधिक स्पष्ट उत्तर मला देता आले नसते.

परत आल्यावर पुढील रविवारी, उपासना आटोपल्यानंतर, काही मुले आपण होऊन वान नदीवर वारीस गेली आणि तेथील वाळूत चुंबक फिरवून पाहिला. तशाच काळ्या मिशा फुटल्या. दोन्ही ठिकाणचे कण आता शाळेच्या कपाटात शेजारी शेजारी दोन डब्यांत ठेवलेले आहेत. डब्यांवरील चिठ्ठ्या काढल्या तर कोणता कोठला हे मलाही सांगता येणार नाही. खारपाणपट्ट्यातील मुलाने आपल्या ताटल्या आणल्या. समुद्राचे मीठ विहिरीच्या मिठापेक्षा कितीतरी पट भरले, परंतु विहिरीची ताटलीही पांढरी झालेली होती, आणि ती त्याने सर्व वर्गात फिरवून दाखविली.

जून २०२५ मध्ये पावसाच्या आरंभी आम्ही त्या मुलीच्या वावराच्या उतरत्या कडेस, नाल्याच्या बाजूने, सहा लाकडी खुंट्या ठोकल्या आणि जमिनीच्या बरोबरीने प्रत्येकीवर लाल रेघ ओढली. रेघ जितकी उघडी पडेल तितकी माती गेली, असा हा साधा हिशोब. प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती स्वतः जाऊन मोजी व वहीत मांडी. पोळ्यापर्यंत दोन खुंट्या समूळ वाहून गेल्या. दोन ठिकाणी रेघेखाली दोन-दोन बोटे लाकूड उघडे पडले. आणि ज्या दोन खुंट्या गवताच्या पट्ट्याआड होत्या, तेथे रेघ होती तेथेच राहिली. तिच्या वडिलांनी हे आकडे वाचले. दिवाळीनंतर त्यांनी नाल्याकाठचे गवत काढण्याचे ठरविले होते ते काढले नाही, आणि जेथे दोन खुंट्या वाहून गेल्या तेथे दगडांची एक बुटकी ताल घातली आहे. येत्या पावसाळ्यासाठी मुलांनी नव्या बारा खुंट्या करून ठेविल्या आहेत.